वजन ५२ किलो, शुगर नॉर्मल, तरी इन्सुलिन रेझिस्टन्स? आणि यात रक्तवाहिन्या कुठून आल्या?

कडीपत्ता (सांगली)

नमस्कार मंडळी. वय २४, उंची १५६ सेंमी, वजन ५२ किलो. पतसंस्थेत नोकरी आहे, दिवसभर काउंटरवर बसून काम. पाळी कॉलेजपासूनच दोन-अडीच महिन्यांनी येते. हनुवटीवर जाड केस येतात, दर पंधरवड्याला थ्रेडिंग. मानेवर काळा पट्टा आहे. आजी आठवड्याला डाळीचं पीठ आणि लिंबू लावून तो घासते, मान सोलून निघते पण पट्टा जात नाही.

गेल्या महिन्यात डॉक्टरांकडे गेले. सोनोग्राफीत दोन्ही बाजूंना पीसीओएसचं (अंडाशयाचा, संप्रेरकं बिघडण्याचा आजार) चित्र, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन नॉर्मल. उपाशीपोटी शुगर ९२, उपाशीपोटी इन्सुलिन १९.४. लॅबच्या कागदावर इन्सुलिनची रेंज २.६ ते २४.९ छापली आहे, म्हणजे मी रेंजमध्येच आहे. तरी डॉक्टर म्हणाले, "इन्सुलिन रेझिस्टन्स आहे." मग बीपी घेतलं, १३०/८४. कोलेस्टेरॉलची तपासणी लिहून दिली आणि म्हणाले, "यात लहान रक्तवाहिन्यांवरही परिणाम होतो, आत्तापासून जपायचं." बाहेर वीसेक पेशंट बसलेले, पुढे विचारायचं राहूनच गेलं.

तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे. मी जाड नाही, शुगर नॉर्मल आहे, मग रेझिस्टन्स कसला? अंडाशयाच्या आजाराचा रक्तवाहिन्यांशी काय संबंध? त्या बुजतायत का? थंडीत माझे हात गार पडतात, ते त्यामुळेच का? आई म्हणते, लग्न झालं की सगळं सुरळीत होतं. कुणी नीट समजावून सांगेल का?

रानजाई

अगं, घाबरू नकोस. मलाही होतं. मी रात्री मेथ्या भिजत घालून सकाळी ते पाणी प्यायचे, दूध आणि गहू बंद केले. पाळी लग्नानंतर दोन-तीन वर्षांत आपोआप रुळावर आली. तुझी आई अगदीच चुकीचं बोलत नाही. रक्तवाहिन्या वगैरे ऐकून मात्र मलाही धस्स झालं. हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

मिरजवाली

कडीपत्ता, मी मेडिकलच्या मुलांना फिजिऑलॉजी शिकवते आणि पीसीओएस मला स्वतःला विशीपासून आहे. उपचार तुझे डॉक्टर ठरवतील. आत काय चालतं ते मी सांगते, कारण ते कळलं की पुढचे सल्ले पाळायला बळ येतं.

आधी तुझे आकडे. साखर ९२ गुणिले इन्सुलिन १९.४, भागिले ४०५. उत्तर येतं ४.४. हे रेझिस्टन्सचा अंदाज देणारं होमा नावाचं गणित, ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९८५ साली मांडलेलं. त्याची सगळीकडे चालणारी एकच सीमारेषा नाही आणि इन्सुलिनचा आकडा लॅबगणिक बदलतो, पण ४.४ हा चढाच. शरीर इन्सुलिनचं नीट ऐकत नाही (हाच रेझिस्टन्स), म्हणून साखर ९२ वर ठेवण्यासाठी तुझ्या स्वादुपिंडाला नेहमीपेक्षा जास्त इन्सुलिन सोडावं लागतंय, असा त्याचा अर्थ. शुगर नॉर्मल आहे ती त्या जादा मेहनतीच्या जिवावर. कागदावरची २४.९ ची रेंज डोक्यातून काढून टाक. बहुतेक लोकांच्या रक्तात तितकं सापडतं, एवढंच ती सांगते.

आता हे जादा इन्सुलिन जातं कुठे? स्नायू त्याचं ऐकेनासे झालेले असतात, पण अंडाशय ऐकतं. खोच इथेच आहे. अंडाशयातल्या थीका पेशींना मेंदूकडून आलेलं एलएच नावाचं संप्रेरक आणि त्यावर हे जादा इन्सुलिन, अशी दुहेरी चेतवणी मिळते आणि त्या पुरुषी संप्रेरकं जास्त बनवतात. त्याच वेळी यकृत एसएचबीजी नावाचं प्रथिन कमी बनवायला लागतं. टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारं हेच प्रथिन, ते कमी झालं की मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. हनुवटीवरचे केस आणि अडखळलेली पाळी, दोन्ही यातून. मानेवरचा पट्टाही वाढलेल्या इन्सुलिनचीच खूण आहे. तिथली कातडी जाड होते, तो मळ नव्हे. आजींना प्रेमाने सांग की घासू नका, घासून ती आणखी काळवंडते.

आणि हे आजचं नाही. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल यांनी या आजाराचं वर्णन १९३५ मध्ये केलं, पण इन्सुलिनचा धागा १९८० मध्ये हाती लागला. अँड्रिया ड्युनाइफ यांनी १९८९ मध्ये दाखवलं की पीसीओएसमधला रेझिस्टन्स निव्वळ वजनाने समजावून सांगता येत नाही. लठ्ठपणा त्यात भर घालतो, पण सडपातळ मुलींमध्येही तो सापडतो. आपल्याकडे तर जास्तच लक्ष द्यायला हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. तुझा बीएमआय २१च्या वर आहे, तो नॉर्मलच. पण एकदा टेपने कंबर मोज. आपल्या बायकांमध्ये ८० सेंमीच्या वर गेलं की पोटातल्या चरबीचा विचार करतात. वजनकाट्याला ते दिसत नाही.

आता तुझा मुख्य प्रश्न, रक्तवाहिन्या. जेवल्यावर इन्सुलिन रक्तात येतं आणि सरळ स्नायूच्या पेशीला जाऊन भिडतं, असं आपण धरून चालतो. मधली एक पायरी गाळली जाते. पेशीपर्यंत पोचायला इन्सुलिनला केशवाहिनीची भिंत ओलांडावी लागते, आणि विश्रांतीच्या वेळी स्नायूतल्या बऱ्याच केशवाहिन्यांतून रक्त जेमतेमच फिरत असतं. म्हणून इन्सुलिन आधी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर, एन्डोथेलियमवर, काम करतं. तिथे नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, बारीक धमनिका सैल होतात आणि स्नायूच्या जास्त भागात रक्त खेळायला लागतं. हे काही मिनिटांत होतं, स्नायूने साखर पुरती उचलण्याच्या आधी. निरोगी माणसात इन्सुलिन स्वतःची वाट स्वतः मोकळी करून घेतं.

तू सांगलीची, तुला पाटाचं पाणी सांगायला नको. कालवा भरून वाहतोय, पण चारीचं दार अर्धंच उघडलं तर उसाच्या शेवटच्या सरीपर्यंत पाणी पोचत नाही. रेझिस्टन्समध्ये हे दार अडतं. स्नायूची पेशी ऐकत नाही हे खरंच, शिवाय तिच्यापर्यंत साखर आणि इन्सुलिन दोन्ही कमी पोचतात.

याहून महत्त्वाचं पुढे आहे. अस्तराच्या पेशीवर इन्सुलिनचा निरोप दोन वाटांनी आत जातो. एका वाटेने नायट्रिक ऑक्साइड बनतं, वाहिनी सैलावते. दुसऱ्या वाटेने एन्डोथेलिन बनतं, वाहिनी आवळते. एरवी दोन्हींचा तोल राहतो. रेझिस्टन्समध्ये पहिली वाट मंदावते आणि दुसरी तशीच चालू राहते. आता स्वादुपिंड भरपाई म्हणून जादा इन्सुलिन ओततंय, म्हणजे आवळणाऱ्या वाटेला जोर मिळतो. पीसीओएस असलेल्या बायकांच्या रक्तात एन्डोथेलिन वाढलेलं अनेक अभ्यासांत सापडलं आहे. तुझ्या डॉक्टरांनी लगेच बीपीचा पट्टा का गुंडाळला, ते आता कळलं असेल.

मोजतात कसं, तेही सांगते, कारण एका अभ्यासात मी स्वतः खुर्चीत बसले होते. हाताच्या पुढच्या भागावर छोटी गोल डबी चिकटवतात, तिच्यात ॲसिटिलकोलीनचा द्राव. अगदी सौम्य वीजप्रवाहाने ते औषध कातडीत ढकलतात, सुईबिई काही नाही, नुसत्या मुंग्या येतात. डबीच्या मधोमध तांबड्या लेझरचा ठिपका, आणि खालच्या बारीक वाहिन्यांतून किती रक्त फिरतंय याची रेघ पडद्यावर चढत जाते. ॲसिटिलकोलीनच का? तर रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये सशाच्या महाधमनीच्या तुकड्यावर दाखवलं की आतलं अस्तर शाबूत असेल तरच ॲसिटिलकोलीनने ती सैल होते, अस्तर खरवडलं की होत नाही. तो धागा पुढे नायट्रिक ऑक्साइडपर्यंत गेला आणि १९९८ चं नोबेल त्याला मिळालं. रेघ चढली की अस्तर काम करतंय असं समजायचं. दुसरी पद्धत मोठ्या धमनीसाठी. हाताला पट्टा बांधून पाच मिनिटं रक्त थांबवायचं, मग एकदम सोडायचं आणि दंडातली धमनी किती टक्के फुलते ते सोनोग्राफीवर बघायचं. इंडियानाच्या एका गटाने २००१ मध्ये पायातला रक्तप्रवाह मोजून दाखवलं की पीसीओएस असलेल्या स्थूल बायकांमध्ये वाहिन्यांचं हे सैलावणं, तितक्याच स्थूल पण पीसीओएस नसलेल्या बायकांपेक्षा कमी पडतं. पुढे बरेच अभ्यास झाले. वय आणि वजन जुळवल्यावरही सरासरीत फरक उरतो. सगळ्या बायकांमध्ये सारखा नसतो, काहींमध्ये अजिबात नसतो. या तपासण्या संशोधनातल्या आहेत, बाहेर कुणी "रक्तवाहिन्यांचं पॅकेज" विकायला आलं तर पैसे घालवू नकोस.

म्हणून, बुजतायत का? नाही. वाहिनी बंद होणं वेगळं आणि वेळेवर न सैलावणं वेगळं. तुझ्या वयात बोलायचं ते या दुसऱ्याबद्दल, आणि ते सुधारतं. हात गार पडण्याचं खापर यावर फोडू नकोस. थंडीत कित्येक निरोगी मुलींचे हात गार पडतात. हिमोग्लोबिन मात्र एकदा बघ, आपल्या मुलींमध्ये ते फार वेळा कमी निघतं.

रानजाई, मेथ्या खायला हरकत काहीच नाही, तपासण्यांच्या जागी मात्र त्या नकोत. आणि वय वाढतं तशी पीसीओएसमधली पाळी बऱ्याच जणींची नियमित होत जाते, लग्न त्या वयात होतं म्हणून श्रेय लग्नाला मिळतं. पाळी रुळावर आली तरी इन्सुलिनचं दुखणं मागे राहू शकतं. तुझी शुगर शेवटची कधी तपासलीस? विचारते कारण मला खरंच काळजी वाटते.

दूरदेशी (मेलबर्न)

मिरजवाली यांनी छान उलगडून सांगितलं. एक भर घालते. पीसीओएसची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं इथल्या मोनॅश विद्यापीठाच्या पुढाकाराने निघतात, २०१८ ची आणि नवी २०२३ ची. त्यानुसार इन्सुलिन मोजण्याचा आग्रह धरत नाहीत. त्याऐवजी वजन कितीही असो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर बघायची. माझी उपाशीपोटीची साखर कायम ९०च्या आसपास, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) सुद्धा चांगलं, आणि दोन तासांची साखर १६०च्या पुढे निघाली. बीपी दरवर्षी बघतात. नव्या तत्त्वांत स्पष्ट लिहिलंय की पीसीओएस असलेल्या बाईला हृदयविकाराचा धोका जास्त आहे असं धरून चालायचं. भारतात माझ्या बहिणीला आजवर फक्त "वजन कमी करा आणि मूल हवं असेल तेव्हा या" एवढंच सांगितलं गेलंय. ऐकून वाईट वाटतं.

कडीपत्ता

ताई, दोनदा वाचलं. डबीचं आणि लेझरचं तर आईला मोठ्याने वाचून दाखवलं. कंबर मोजली, ८२. डॉक्टरांकडून दोन तासांची तपासणी लिहून घेतली आहे. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. वजन कमी करायचं नाही, तर व्यायामाने नेमकं काय साधतं? आणि डॉक्टर म्हणाले, गरज पडली तर मेटफॉर्मिन देऊ. ती तर डायबेटीसची गोळी, घरात सगळ्यांचे चेहरे उतरले.

मिरजवाली

व्यायामाचं उत्तर वरच्याच गोष्टीत आहे. आकुंचन पावणारा स्नायू केशवाहिन्या उघडायला इन्सुलिनची वाट बघत नाही. आणि साखर आत घेणारी दारंही तो इन्सुलिनशिवाय पेशीच्या पृष्ठभागावर आणतो. जी वाट अडली आहे तिला वळसा घालणारी दुसरी वाट शरीरात आधीपासून आहे, आणि ती चालताना, जिना चढताना, उठाबशा काढताना उघडते. लिव्हरपूलच्या गटाने २०१३ मध्ये पीसीओएस असलेल्या बायकांना १६ आठवडे देखरेखीखाली व्यायाम दिला. धमनीचं फुलणं सुधारलं, कातडीतल्या बारीक वाहिन्यांचं नायट्रिक ऑक्साइडवर चालणारं कामही सुधारलं, आणि तेही शरीरातली चरबी कमी न होता. हा अभ्यास मी प्रत्येक पीसीओएसवाल्या विद्यार्थिनीला सांगते. काटा हलला नाही की मुली महिन्याभरात व्यायाम सोडून देतात, आणि आतमध्ये सुधारत असतं ते तिथेच थांबतं.

आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल इतपत भरभर चालणं आणि एकाआड दिवस धरून दोन वेळा ताकदीचा व्यायाम. ताकदीचा टाळू नकोस. तुझ्यासारख्या बारीक, कमी स्नायूंच्या मुलीला त्याचीच जास्त गरज. जिम नको, भिंतीवर जोर, खुर्चीवरून उठबस, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या चालतील.

खाण्यात कुठलाच एक आहार पीसीओएससाठी दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही. गहू-दूध सोडायची गरज नाही. ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी, कोशिंबीर हे आपलं जेवण उत्तम आहे. चारच्या चहाबरोबर खारी-बिस्किटं असतील तर त्यांच्या जागी फुटाणे-शेंगदाणे घे.

मेटफॉर्मिनबद्दल. ती एकटी घेतली तर साखर सहसा खाली कोसळत नाही. यकृतातून बाहेर पडणारी साखर ती कमी करते, त्यामुळे इन्सुलिनची गरज उतरते. पीसीओएसमध्ये ती कित्येक वर्षं वापरात आहे, आणि काही छोट्या अभ्यासांत वाहिन्यांचं सैलावणंही सुधारलेलं दिसलं. सुरुवातीला पोट बिघडतं, म्हणून कमी डोस जेवणाबरोबर सुरू करून हळूहळू वाढवतात. दीर्घकाळ घेतली तर बी-१२ कमी होऊ शकतं, आणि घरात शाकाहार असेल तर ते आधीच काठावर असतं. ते तपासायला सांग. गोळी घेतली म्हणजे डायबेटीस झाला असा शिक्का बसत नाही, हे घरच्यांना हा धागा दाखवून सांग.

आणखी एक, जे विचारलं नाहीस तरी सांगते. पाळी तीन महिन्यांच्या पुढे लांबली तर थांबायचं नाही, डॉक्टरांना कळवायचं. पाळीविना गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहणं चांगलं नव्हे.

रानजाई

मिरजवाली, तुम्ही विचारलंत म्हणून काल तपासून आले. गरोदरपणात शुगर वाढली होती, नंतर बाळाच्या गडबडीत पुन्हा बघितलीच नव्हती. एचबीएवनसी ६.१ आलंय. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

मिरजवाली

बरं झालं गेलीस. ६.१ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडे आहेस, इथे बरंच काही करता येतं. पीसीओएस होतं आणि गरोदरपणातली शुगर होती, ही दोन्ही वाक्यं डॉक्टरांना आधी सांग. ती एकत्र ऐकली की ते वेगळ्या नजरेने बघतील.

कडीपत्ता

रिपोर्ट आला. उपाशीपोटी ९०, दोन तासांनी १५६. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ५०० रात्रीच्या जेवणाबरोबर सुरू केली. कोलेस्टेरॉल ठीक, ट्रायग्लिसराइड थोडे जास्त. हिमोग्लोबिन १०.४, त्याचीही गोळी. आई स्वतः म्हणाली, जेवणानंतर आपण दोघी फिरायला जाऊ. ताई, दुपारी जेवल्यावर काउंटर सोडता येत नाही, तेव्हा काय करू?

मिरजवाली

१४० ते १९९ यांच्या मध्ये आहेस, म्हणजे साखर पचवण्यात ढिलाई आहे, मधुमेह नाही. उपाशीपोटीच्या ९० ने हे कधीच दाखवलं नसतं. दूरदेशींचे आभार मानायला हवेत.

दुपारचं असं कर. डबा खाल्ल्यावर बसायच्या आधी जिना दोनदा चढ-उतर. मग काउंटरवर उभं राहता येईल तेवढा वेळ उभी राहा आणि टाचा वर-खाली करत राहा, पोटऱ्या दमेपर्यंत. दहा मिनिटं पुरेत, पण रोज. रात्रीची फेरी आईबरोबर, गप्पा मारता येतील पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने.

बीपी मात्र दवाखान्यातल्या एका आकड्यावर सोडू नकोस. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, हात टेबलावर ठेवून, चहाच्या आधी, असं आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोज आणि वहीत लिहून डॉक्टरांना दाखव. दोन तासांची तपासणी वर्षाने पुन्हा. पुढे बाळाचा विचार कराल तेव्हा दिवस राहण्याआधीच ती करून घ्यायची. हिमोग्लोबिनची गोळी चहाबरोबर घेऊ नकोस, लिंबूपाण्याबरोबर घे.